छोटा निळा पेंग्विन

मुलांनो, पेंग्विनचे चित्र तुम्ही पाहिले असेल. चित्रात बहुधा सगळीकडे पांढरा बर्फ असतो आणि त्या बर्फावर, काळे कोट घातलेल्या माणसांसारखे, पेंग्विन दाटीने उभे असतात. ते चित्र खोटे नाही. पण सगळे पेंग्विन तसे राहत नाहीत. जगात पेंग्विनच्या सतरा-अठरा जाती आहेत आणि त्यांतील कित्येकांनी जन्मात बर्फ पाहिलेला नसतो.

आज आपण अशाच एका पेंग्विनची ओळख करून घेऊ. सर्व पेंग्विनांत हा लहान, म्हणून त्याचे नावच ‘छोटा पेंग्विन’ असे पडले आहे. त्याची पाठ निळी असते, म्हणून काही लोक त्याला ‘निळा पेंग्विन’ म्हणतात. न्यूझीलंडमधील माओरी लोक त्याला ‘कोरोरा’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याला ‘युडिप्टुला’ हे ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थ ‘छान बुडी मारणारा छोटा’. हे नाव लक्षात ठेवा. पुढे या पाठात दोन कुत्री येणार आहेत. त्यांचा आणि या नावाचा संबंध आहे.

तुमच्या दप्तरातील मोठी पट्टी काढा. ती ३० सेंटिमीटर लांब असते. ती टेबलावर उभी धरा आणि तिच्या टोकावर दोन बोटे आडवी ठेवा. एवढी झाली या पेंग्विनची उंची! त्याचे वजन एक ते दीड किलो असते. म्हणजे साखरेच्या एक किलोच्या पुडीपेक्षा थोडे जास्त. अंटार्क्टिकावरचा सम्राट पेंग्विन एक मीटरहून उंच असतो आणि त्याचे वजन तीस किलोच्याही पुढे जाते. आपला पेंग्विन त्याच्या शेजारी उभा राहिला, तर त्याच्या पोटाच्याही खालीच राहील.

छोटा पेंग्विन ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, टास्मानियात आणि न्यूझीलंडमध्ये राहतो. या पाठात आपण मुख्यतः फिलिप बेटावर जाणार आहोत. हे बेट ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न शहरापासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. आपला मॉरिशस देश आणि ऑस्ट्रेलिया हे दोन्ही पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आहेत. त्यामुळे आपल्यासारखाच तेथेही डिसेंबरमध्ये उन्हाळा असतो.

पेंग्विन हा पक्षी आहे, पण त्याला उडता येत नाही. त्याचे पंख आखूड, चपटे आणि ताठ असतात. हवेत त्यांचा काही उपयोग नाही. पाण्यात मात्र तेच पंख वल्ह्यांसारखे चालतात. पेंग्विन पाण्यात उडतो, असे म्हटले तरी चालेल. दुसरे पक्षी हवेत जसे पंख मारतात, तसेच तो पाण्यात मारतो.

त्याची पाठ निळी आणि पोट पांढरे का असते, सांगता येईल का? विचार करा. समुद्रावर एक मोठा गरुड घिरट्या घालतो आहे. तो वरून खाली पाहतो. खाली निळे पाणी आहे आणि त्यात निळ्या पाठीचा पेंग्विन आहे. गरुडाला तो चटकन दिसत नाही. आता पाण्याखाली चला. खाली एक सील मासे शोधत फिरत आहे. ते खालून वर पाहते. वर उजळ आकाश दिसते आणि त्या उजेडात पांढऱ्या पोटाचा पेंग्विन मिसळून जातो. एकाच अंगरख्याला दोन रंग, आणि दोन्ही रंग कामाचे!

हा अंगरखाही साधा नाही. त्याच्या इवल्याशा अंगावर सुमारे दहा हजार पिसे असतात. ती एकमेकांवर इतकी घट्ट बसतात, की थंड पाणी त्याच्या कातडीपर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक छोटी पिशवी असते. पेंग्विन चोचीने तेथील तेल घेतो आणि ते एकेका पिसाला लावतो. हे काम तो रोज मन लावून करतो. कधी दोन पेंग्विन एकमेकांच्या मानेला तेल लावून देतात, कारण स्वतःच्या मानेपर्यंत स्वतःची चोच पोहोचत नाही.

पहाट होण्यापूर्वी, अंधार असतानाच, पेंग्विन समुद्रात शिरतो. मग दिवसभर त्याची शिकार चालते. सार्डिनसारखे छोटे मासे, लहान माकूळ आणि इतर बारीक जलचर हे त्याचे अन्न. एका दिवसात तो शेकडो वेळा बुडी मारतो. बहुतेक बुड्या मिनिटभराच्या आतच संपतात. मासा निसरडा असतो, पण पेंग्विनच्या जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले बारीक काटे असतात. एकदा तोंडात गेलेला मासा सुटत नाही. माशाबरोबर समुद्राचे खारे पाणीही पोटात जाते. आपण ते प्यालो तर आजारी पडू. पेंग्विनच्या डोळ्यांच्या वर मात्र मीठ गाळून काढणाऱ्या ग्रंथी असतात. जास्तीचे मीठ खारट थेंबांच्या रूपाने त्याच्या नाकावाटे बाहेर पडते.

समुद्रात त्याचे बरे चालते. पण समुद्रात अंडी घालता येत नाहीत. तेथे पिल्ले वाढवता येत नाहीत. त्यासाठी त्याला जमिनीवर यावेच लागते. आणि पाण्यात इतका चपळ असलेला हा पक्षी जमिनीवर अगदी दुबळा असतो. त्याला पळता येते, पण जोरात नाही. उडून तर जाताच येत नाही. म्हणून तो अंधार पडण्याची वाट पाहतो.

फिलिप बेटाच्या किनाऱ्यावर संध्याकाळी काय घडते, ते पाहू.

सूर्य मावळला आहे. समुद्रात दूर पाण्यावर काळसर ठिपके जमू लागले आहेत. दिवसभर वेगवेगळ्या दिशांना गेलेले पेंग्विन किनाऱ्याजवळ येऊन एकमेकांची वाट पाहत आहेत. पाच, दहा, वीस. एकट्याने वाळू ओलांडायला कोणी तयार नसतो. अंधार पुरेसा झाला, की एक लाट येते, मागे हटते आणि वाळूवर पाच-सहा पेंग्विन उभे दिसतात. ते मान वर करून इकडेतिकडे पाहतात. समोर उघडी वाळू असते. लपायला एक झुडूपही नसते. एवढ्यात एखादा सीगल पंख फडफडवतो आणि सगळे पेंग्विन पळत पुन्हा पाण्यात!

थोड्या वेळाने ते परत येतात. पुन्हा उभे राहतात. पुन्हा घाबरतात. असे तीन-चार वेळा होते. तुम्ही शाळा सुटल्यावर मोठा रस्ता ओलांडताना एकमेकांची वाट पाहता ना? तसेच हे. शेवटी एखादा धीर करून पुढे निघतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग, अंग पुढे झुकवून, डुलत डुलत पण घाईने वाळू ओलांडतात. गवतात शिरले की ते थांबतात, अंग झटकतात आणि सावकाश चालू लागतात. तेथून प्रत्येकाची वाट वेगळी. कुणाचे बीळ जवळच असते, तर कुणाला आणखी कितीतरी चढून जावे लागते. एवढ्या छोट्या पायांनी टेकडी चढणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

येथील शास्त्रज्ञांनी एक गमतीदार युक्ती केली आहे. पेंग्विनांच्या नेहमीच्या वाटेवर त्यांनी एक वजनकाटा बसवला आहे. अनेक पेंग्विनांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप घातलेली असते. पेंग्विन काट्यावरून चालत गेला, की तो कोण आहे आणि त्याचे वजन किती आहे, याची आपोआप नोंद होते. सकाळी जातानाचे आणि रात्री येतानाचे वजन पाहिले, की त्याने दिवसभरात किती मासे खाल्ले ते कळते. पेंग्विनला मात्र याचा पत्ताही नसतो. फिलिप बेटावर या पक्ष्यांचा अभ्यास १९६८ सालापासून चालू आहे.

आता बिळाकडे जाऊ. पेंग्विन मातीत किंवा वाळूत बीळ खणतो. कधी तो खडकाच्या कपारीत किंवा दाट झुडपाखाली राहतो. माणसांनी ठेवलेली लाकडी खोकीही त्याला चालतात. रात्री ही वस्ती फार गोंगाट करते. इवलासा पक्षी, पण आवाज केवढा! गुरगुरणे, भुंकणे, किंचाळणे असे सगळे आवाज ऐकू येतात. नर बिळाच्या दाराशी उभा राहून पंख पसरतो आणि ओरडतो. ‘हे घर माझे आहे’ असे तो इतर नरांना सांगतो आणि मादीला बोलावतो. प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळा असतो. अंधारात त्या आवाजावरून नर आणि मादी एकमेकांना ओळखतात.

फिलिप बेटावर मादी बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दोन पांढरी अंडी घालते. अंडी उबवायला पाच आठवडे लागतात. आई एकटीच बसून राहत नाही. आई समुद्रावर गेली की बाबा अंड्यांवर बसतात, आणि बाबा गेले की आई बसते. कधी एकाची पाळी काही दिवस चालते. तेवढे दिवस बसलेल्याला उपास घडतो.

अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम चाळीस ग्रॅमचे असते. त्याच्या अंगावर मऊ लव असते, पण पोहता येण्याजोगी पिसे नसतात. पहिले दोन-तीन आठवडे आईबाबांपैकी एकजण त्याच्याजवळ थांबतो. पुढे पिल्लांची भूक इतकी वाढते, की एकाने आणलेले मासे पुरत नाहीत. मग दोघेही समुद्रावर जातात आणि पिल्ले दिवसभर बिळात एकटी राहतात. रात्री आई किंवा बाबा येतात, आपली चोच उघडतात आणि पोटात साठवून आणलेले मासे पिल्लाच्या तोंडात घालतात. पाच आठवड्यांची झालेली पिल्ले तर संध्याकाळपासूनच बिळाच्या बाहेर येऊन उभी राहतात. एखादा भलताच पेंग्विन दारावरून गेला, तरी त्याच्यामागे ‘भूक लागली’ म्हणत धावतात!

पण त्या रात्री आईबाबा आलेच नाहीत तर? वाळू ओलांडताना किंवा गवतातून चढताना त्यांचे काही बरेवाईट झाले तर? पिल्लाला बिळातून बाहेर पडून अन्न शोधता येत नाही. म्हणून समुद्रापासून बिळापर्यंतची ती वाट सुरक्षित असणे फार महत्त्वाचे असते. त्या वाटेवर एक मोठा पेंग्विन मेला, तर बहुतेक वेळा त्याच्या पिल्लांचेही हाल होतात.

आठ-नऊ आठवड्यांत पिल्लांना खरी पिसे येतात. मग एके दिवशी पिल्लू आपले आपण समुद्राकडे चालू लागते. त्याला पोहायला कोणी शिकवत नाही. मासा कसा धरायचा, हेही कोणी दाखवत नाही. पहिल्या वर्षात कितीतरी पिल्ले दगावतात. जी वाचतात, ती वर्षा-दोन वर्षांनी बहुधा आपल्याच किनाऱ्यावर परत येतात. छोटा पेंग्विन साधारण सहा-सात वर्षे जगतो, पण फिलिप बेटावर एक पेंग्विन पंचवीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

पिल्ले गेली, की मोठ्यांची आणखी एक परीक्षा असते. वापरून वापरून त्यांची पिसे जुनी झालेली असतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ती सगळी एकदम गळतात आणि नवी उगवतात. याला सुमारे सतरा दिवस लागतात. या दिवसांत पाणी अंगाला लागते, म्हणून पेंग्विनला समुद्रात जाता येत नाही. समुद्र नाही म्हणजे जेवण नाही. तो आधीच भरपूर खाऊन लठ्ठ होतो आणि मग बिळात बसून राहतो. पिसे अर्धवट गळालेला पेंग्विन दिसतोही फाटक्या उशीसारखा! सतरा दिवसांनी त्याचे वजन जवळजवळ निम्मे झालेले असते. अशा वेळी बिळावर कोणी चालून आले, तर पाण्यात उडी मारून वाचण्याचा मार्गही त्याला बंद असतो.

फिलिप बेटावर पूर्वी पेंग्विनांच्या दहा वस्त्या होत्या. विसाव्या शतकात त्यांपैकी नऊ वस्त्या नाहीशा झाल्या. असे का झाले? बेटावर माणसांची घरे वाढली. रस्ते आले. रात्री घरी निघालेले पेंग्विन मोटारींखाली सापडू लागले. माणसांबरोबर त्यांचे कुत्रे आणि मांजरेही आली. आणि या सर्वांहून वाईट शत्रू होता कोल्हा.

कोल्हा हा मूळचा ऑस्ट्रेलियातला प्राणी नाही. एकोणिसाव्या शतकात काही लोकांनी शिकारीच्या हौसेसाठी तो इंग्लंडहून आणला. पुढे तो देशभर पसरला. त्यापूर्वी हजारो वर्षे छोट्या पेंग्विनने कोल्हा पाहिलाच नव्हता. बिळात शिरून मारणाऱ्या या शत्रूपासून कसे वाचावे, हे त्याला ठाऊक नव्हते. शिवाय कोल्हा भुकेपुरते मारून थांबत नाही. एका रात्रीत तो अनेक पेंग्विन मारून टाकतो.

ही गोष्ट आपल्या ओळखीची वाटते ना? आपल्या मॉरिशसमध्ये डोडो होता. तोही न उडणारा, जमिनीवर अंडी घालणारा. १५९८ साली डच लोक आले. त्या काळात जहाजांबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे आली. त्यांनी डोडोची अंडी आणि पिल्ले खाल्ली. सतरावे शतक संपण्यापूर्वीच डोडो संपला. त्याच्यासाठी काही करायला हवे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता त्या कुत्र्यांची गोष्ट. व्हिक्टोरिया राज्यातच वॉर्नम्बूल नावाचे गाव आहे. गावाच्या किनाऱ्याला लागून ‘मिडल आयलंड’ नावाचे एक लहानसे खडकाळ बेट आहे. तेथे शेकडो छोटे पेंग्विन राहत होते. पण ओहोटीच्या वेळी बेट आणि किनारा यांच्यातील पाणी इतके उथळ होते, की कोल्हे सहज पलीकडे जात. २००५ सालापर्यंत बेटावर दहा पेंग्विनही उरले नाहीत.

तेव्हा जवळच कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला एक कल्पना सुचली. त्याच्याकडे ‘मरेम्मा’ जातीचे कुत्रे होते. हे मोठे, पांढरे, केसाळ कुत्रे मूळचे इटलीतले. तेथे ते मेंढ्यांच्या कळपात राहून लांडग्यांपासून त्यांचे रक्षण करतात. शेतकऱ्याचे कुत्रे त्याच्या कोंबड्या सांभाळत. जे कुत्रे कोंबड्या सांभाळतात, ते पेंग्विन का नाही सांभाळणार? आधी काही लोकांना ही कल्पना हसण्यासारखी वाटली. पण २००६ साली ती करून पाहिली. अंडी-पिल्लांच्या दिवसांत मरेम्मा कुत्र्यांना बेटावर ठेवले. कोल्ह्यांना त्यांचा वास आला, भुंकणे ऐकू आले आणि ते तिकडे फिरकेनासे झाले. काही वर्षांत बेटावर शंभराहून अधिक पेंग्विन झाले.

पुढे दोन बहिणी-बहिणी या कामावर होत्या. एकीचे नाव युडी आणि दुसरीचे नाव टुला. दोन्ही नावे जोडून वाचा. आठवले? २०१९ साली त्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा त्यांना कामातून निवृत्ती दिली.

तरी हे राखण सोपे नाही. २०१७ साली समुद्र फार खवळला होता. त्या दिवसांत कुत्र्यांना बेटावर नेता आले नाही. कोल्ह्यांनी तेवढी संधी साधली आणि थोड्याच दिवसांत सुमारे १४० पेंग्विन मारले. अकरा वर्षांचे काम काही रात्रींत मागे गेले. लोक खूप हळहळले आणि पुन्हा कामाला लागले.

जहाजातून सांडलेले तेल हेही पेंग्विनांवरचे मोठे संकट आहे. तेल म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. २०२० साली ‘वाकाशिओ’ हे जहाज आपल्या पोइंत देस्नीजवळ खडकावर अडकले आणि त्यातील काळे तेल समुद्रात पसरले. ते अडवण्यासाठी लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब दोर तयार केले होते. तुमच्यापैकी काहींच्या घरच्यांनीही त्या कामाला हात लावला असेल. असे तेल पेंग्विनच्या अंगाला लागले, की पिसे एकमेकांना चिकटतात आणि थंड पाणी आत शिरते. पेंग्विन सवयीप्रमाणे चोचीने पिसे साफ करू लागतो आणि ते विषारी तेल त्याच्या पोटात जाते.

यावर फिलिप बेटावरच्या लोकांनी कोणता उपाय केला, माहीत आहे? त्यांनी पेंग्विनांना स्वेटर घातले! हो, खरोखरचे लोकरीचे, हातांनी विणलेले स्वेटर. पक्षी धुऊन स्वच्छ करीपर्यंत स्वेटरमुळे त्याला ऊब मिळते आणि चोच तेलाच्या पिसांपर्यंत जात नाही. २००१ साली तेथे तेल सांडले, तेव्हा ४३८ पेंग्विनांना ते लागले होते. त्यांतील बहुतेक सगळे बरे होऊन समुद्रात परत गेले. ही बातमी कळल्यावर देशोदेशींच्या आज्या स्वेटर विणून पाठवू लागल्या. इतके स्वेटर आले, की जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालावे लागले!

सगळ्याच संकटांवर असे उपाय सापडलेले नाहीत. पर्थ शहराजवळ हिंदी महासागरात पेंग्विन बेट आहे. २०११ च्या सुमारास तेथील समुद्र नेहमीपेक्षा फार तापला. मासे दूर गेले. आईबाबांना मासे मिळेनात, म्हणून पिल्ले उपाशी राहिली. तेव्हापासून त्या बेटावरचे पेंग्विन फार कमी झाले आहेत. कोल्ह्याला भुंकून पळवता येते. समुद्र थंड करायला कोणता कुत्रा ठेवणार?

आता पुन्हा फिलिप बेटावर येऊ. दहांपैकी जी एकच वस्ती उरली होती, ती समरलँड नावाच्या भूशिरावर आहे. १९२० च्या सुमारास काही स्थानिक माणसे टॉर्चच्या उजेडात पाहुण्यांना तेथे पेंग्विन दाखवायला नेऊ लागली. पेंग्विनची मिरवणूक पाहायला गर्दी वाढू लागली. त्याच काळात भूशिरावर जमिनीचे तुकडे पाडून ते घरांसाठी विकले गेले. जागा सुंदर होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूलाही समुद्र. हळूहळू तेथे शंभराहून अधिक घरे झाली. मोटेल झाले. दुकान झाले. पेंग्विनांची बिळे आणि माणसांची अंगणे एकमेकांना लागून आली. काही वर्षांत ही शेवटची वस्तीही जाईल, असे शास्त्रज्ञ सांगू लागले.

१९८५ साली व्हिक्टोरियाच्या सरकारने एक निर्णय घेतला. भूशिरावरची सगळी घरे आणि सगळ्या जमिनी सरकार विकत घेईल, घरे उतरवील आणि ती जागा पेंग्विनांना परत देईल. पक्ष्यांसाठी माणसांची अख्खी वस्ती उठवायची! असे तुम्ही कधी ऐकले आहे का? तेथील लोकांना हे सोपे गेले नाही. काहींची मुले त्या घरांत लहानाची मोठी झाली होती. दर सुटीत जिथे जायचे, ते घर सोडायचे होते. काही लोक रागावले, काहींनी समजून घेतले. एकेक करून घरे घ्यायला पंचवीस वर्षे लागली. २०१० साली शेवटचे घर सरकारकडे आले.

घरे उतरवली. डांबरी रस्ते उखडले. दिव्यांचे खांब काढले. तेथे पूर्वी उगवत असे तेच गवत आणि तीच झुडपे पुन्हा लावली. दुसरीकडे कोल्ह्यांचा शोध चालूच होता. वासाने कोल्हा हुडकणारे कुत्रेही त्या कामावर होते. २०१७ साली फिलिप बेटावर आता एकही कोल्हा नाही, असे जाहीर झाले. १९८० च्या दशकात या वस्तीत बारा हजारांच्या आसपास पेंग्विन होते. आता ते तीस-चाळीस हजार आहेत. छोट्या पेंग्विनांची एवढी मोठी वस्ती जगात दुसरी नाही.

पाहुणे आजही तेथे जातात. ते बाकांवर शांत बसतात. फोटो काढायला परवानगी नाही, कारण अचानक चमकलेल्या उजेडाने पेंग्विन गांगरतात आणि वाळूवरच थबकतात. एवढ्या दुरून येऊन फोटो नाही म्हणून काही पाहुणे थोडे हिरमुसतात. पण मग पहिली टोळी लाटेतून बाहेर येते आणि सगळे गप्प होतात.

मिरवणूक संपल्यावर पाहुणे आपापल्या मोटारींकडे जातात. तेथे एक पाटी असते. पाटी वाचून आजी-आजोबा, आई-बाबा, मुले असे सगळेजण गुडघ्यांवर वाकतात आणि मोटारीखाली डोकावतात. घरी जाता जाता एखादा पेंग्विन चाकाजवळ विसावलेला असतो. तो उठून आपल्या वाटेने जाईपर्यंत कोणी गाडी सुरू करीत नाही.